कढई पेटली तर

मला सांगा, कढईतलं तेल पेटलं तर तुम्ही कुणावर विश्वास ठेवाल? शेजाऱ्यावर, मोबाइलवर, की तेल विकणाऱ्यावर? कडावला माझं किराणा-तेलाचं दुकान आहे. गिऱ्हाईक तेल नेतं आणि जाळाचा किस्सा ठेवून जातं. असे इतके साठलेत की आता नुसता करपल्याचा वास आला तरी उठून आत डोकावतो. भिंतीपलीकडे आमचं स्वयंपाकघर आणि अलीकडे तेलाच्या डब्यांची थप्पी!

*

शेलूच्या नव्या सोसायटीतले एक साहेब. कढईतून धूर निघाला, तर यांनी चिमणी फुल स्पीडला लावली आणि फोन घ्यायला हॉलमध्ये गेले. परत येतात तो जाळ चिमणीत! नशीब, बायको-पोरांना घेऊन बाहेर पळाले आणि बंब बोलावला. मला म्हणतात, "काका, चिमणी तर ऑटोक्लीन होती!"

"मग झाली ना क्लीन!"

*

माझा मेहुणा खोपोलीला कारखान्यात. आग विझवायचं ट्रेनिंग घेतलेला! घरी कढई पेटली, तर पठ्ठ्या ती उचलून मोरीकडे निघाला. दोन पावलांत तेल हिंदकळलं, दोन्ही मनगटं भाजली. महिनाभर त्याला बायको भरवत होती.

"कारखान्यात काय शिकलास रं?"

"तिथं कढई नव्हती ना, दाजी!"

*

तेव्हापासून दिवाळीच्या प्रत्येक डब्यावर मी एक स्टीलचं मोठं झाकण फुकट देतो. सोबत भाषण : "गॅस बंद कर. झाकण बाजूनं सरकवत ठेव. गार होईस्तोवर उघडायचं नाय. कढई हलवायची नाय आणि पाणी तर अजिबात नाय!"

महिन्याभराने हिराबाई तेल न्यायला आली, तिला विचारलं, "झाकण शेगडीजवळ ठेवलंस ना गं?"

"कपाटात हाय. कोरं करकरीत! पोरीच्या लग्नात द्यायला ठेवलंय!"

*

तिच्या जावेने मात्र झाकण वापरलं. जाळ विझला. दोन मिनिटांनी तिने उचलून पाहिलं, तर भप्पकन पुन्हा पेटला! भुवया गेल्या.

"उघडलंस कशाला गं बये?"

"विजला का ते बघायला नको?"

*

आणि गेल्या दिवाळीत मी गल्ल्यावर बसून हेच भाषण एका गिऱ्हाइकाला देत होतो. आत बायको चकल्या तळत होती. "अवो!" अशी हाक आली. धावलो. जाळ पार फळीपर्यंत गेलेला. मला ती भिंत दिसली, भिंतीमागची थप्पी दिसली आणि पुढचं काही सुचेना.

बायकोने एका हाताने गॅस बंद केला, दुसऱ्या हाताने झाकण सरकवलं आणि वळून माझ्यावर ओरडली, "ठेवा ती खाली!"

ठेवली. झाकणाखाली जाळ गुदमरला. कढई गार होईपर्यंत दोघंही दारातच उभे.

मग ती म्हणाली, "उद्या दुकानात किस्सा सांगाल, तवा हिशेब खरा ठेवा. पाण्याची बादली कुणाच्या हातात व्हती, तेबी सांगा!"