जनरलच्या मुलीचं हरवलेलं इंग्रजी

मी कॉव्हेंट्रीत दुभाष्याचं काम करते, रशियन आणि इंग्रजीचं. मराठी बाईला रशियन कशी येते, असं मला प्रत्येक नव्या ठिकाणी विचारतात. माझे बाबा नाशिकजवळ ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. तिथे रशियन इंजिनियर बायकामुलांसकट राहायला यायचे, आणि कॉलनीत त्यांच्या मुलींबरोबर लगोरी खेळता खेळता मला ती भाषा यायला लागली. पुढे पुण्यात ती रीतसर शिकले. लग्न होऊन इकडे आल्यावर बरीच वर्षं तिचा काही उपयोग झाला नाही. मग युक्रेनमधली कुटुंबं यायला लागली आणि कौन्सिलची ऑफिसं, शाळा, दवाखाने, सगळीकडून बोलावणी सुरू झाली. त्यांच्यातले बरेच जण रशियन बोलतात.

त्या ऑक्टोबरमध्ये मात्र हॉस्पिटलच्या स्ट्रोक वॉर्डातून फोन आला तो वेगळ्याच कारणासाठी. पेशंट सहासष्ट वर्षांच्या होत्या. मूळच्या रशियन, पण तीस वर्षं कॉव्हेंट्रीत राहिलेल्या, इथल्याच एका लायब्ररीत नोकरी करून रिटायर झालेल्या. स्ट्रोकनंतर त्यांची रशियन बरीचशी शाबूत राहिली होती आणि इंग्रजी गेली होती. समोरच्याचं बोलणं थोडंफार कळायचं, पण तोंडातून एक इंग्रजी शब्द निघत नव्हता. त्यांचा मुलगा प्राथमिक शाळेत शिक्षक होता, अठ्ठावीस वर्षांचा. त्याचे वडील इंग्रज, चार वर्षांपूर्वी वारलेले. घरात कायम इंग्रजीच. त्याला रशियनमध्ये ‘धन्यवाद’ आणि ‘झोप आता’ एवढंच येत होतं.

मी गेले तेव्हा तो आईचा हात धरून बसला होता. मला बघून उठला आणि म्हणाला, “तीन दिवस झाले, ती माझ्याशी बोलतेय आणि मला काही समजत नाहीये. प्लीज, तिला काय हवंय ते विचारा.”

मी विचारलं. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या रंगाकडे, मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे, आणि सावकाश म्हणाल्या, “त्याला सांगा, जेवून घे म्हणावं. आणि कालपासून तोच शर्ट घातलाय.”

दुभाष्याचा नियम असा की आपण ‘त्या म्हणतात’ असं म्हणायचं नाही. बोलणारा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, “जेवून घे. आणि कालपासून तोच शर्ट घातलायस.”

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला. “तीच आहे,” म्हणाला. “आतमध्ये ती अजून तीच आहे.”

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जायला लागले. वाचा परत यावी म्हणून जी थेरपिस्ट यायची, ती तरुण आणि फार धीराची मुलगी होती. तिसऱ्या आठवड्यात तिने एक सोपा व्यायाम दिला. लहानपणापासून तोंडपाठ असलेली एखादी यादी म्हणायची. आठवड्याचे वार, महिने, आकडे, काहीही. अशा याद्या मेंदूत वेगळ्या जागी राहतात म्हणे, आणि त्या म्हणताना जीभ सुटते.

बाईंनी सोमवार, मंगळवार म्हटलं, बुधवारी अडकल्या. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा अडकल्या. मग डोळे मिटले आणि एका दमात, शाळकरी मुलीच्या सुरात म्हणून टाकलं.

“लेफ्टनंट, सीनियर लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. थेरपिस्ट खूश झाली. “वा! हे तिकडचं बालगीत आहे का?”

मी प्रश्न पोचवला. बाईंनी डोळे उघडले. “नाही,” त्या म्हणाल्या. “हे माझे वडील.”

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. “आई, तुझे वडील घरं बांधायचे ना? तू तर मला हेच सांगत आलीस.”

त्याचा प्रश्न रशियनमध्ये पोचवणं माझं काम होतं, पण मी थांबले. त्याच दिवशी सकाळी मी खार्किवहून आलेल्या एका आजींबरोबर हाउसिंगच्या ऑफिसात बसले होते. त्यांचं घर रशियन तोफांनी पाडलं होतं आणि त्या अधिकाऱ्याला स्वयंपाकघर किती मोठं होतं ते हाताने दाखवत होत्या. तिथून बस पकडून मी इथे आले होते. जनरल हा शब्द ऐकला आणि मला आजींचे ते हात आठवले.

थेरपिस्ट गेली, मुलगा कॉफी आणायला गेला, तेव्हा बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही मघाशी थांबलात. मीही कधीकाळी हेच काम करायचे. दुभाषी असा थांबतो तेव्हा त्याला काहीतरी लागलेलं असतं.”

मी खोटं बोलू शकले नाही. सकाळच्या आजींचं नाव-गाव न सांगता तेवढी गोष्ट सांगितली.

“माझे वडील वारले त्याला पंधरा वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. “हे युद्ध बघायला ते नाहीत ते बरं. असते तर कुठल्या बाजूने उभे राहिले असते, मला माहीत नाही. मला भीती वाटते, म्हणून मी तो विचार करत नाही.” मग म्हणाल्या, “तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाला बोलवायला सांगा. मला राग येणार नाही.”

मी म्हटलं, “नाही. मी येईन.”

पुढचे दोन गुरुवार त्यांनी मुलाला आजोबांची कहाणी सांगितली. मध्ये माझी खुर्ची. शब्द शोधायला वेळ लागायचा, कधी एका वाक्याला पाच मिनिटं.

त्यांचे वडील व्होल्गाकाठच्या खेड्यातले. त्या वडिलांचे वडील दुसऱ्या महायुद्धातून परतलेच नाहीत. रणगाड्यांच्या शाळेत दोन वेळचं जेवण आणि बूट मिळतात म्हणून सतराव्या वर्षी ते तिथे गेले. लेफ्टनंट होऊन पार अतिपूर्वेला, चीनच्या सीमेवर पोस्टिंग. बाई तिथेच जन्मल्या, लाकडं जाळून ऊब आणायच्या खोलीत. मेजर झाले ते मध्य आशियाच्या वाळवंटात, तिथे दळणात वाळू यायची. वडिलांना बढती मिळाली की आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला घ्यायची. बाईंनी नऊ शाळा बदलल्या. नव्या शाळेत पहिल्या दिवशी रडू येऊ नये म्हणून त्या मनातल्या मनात ती हुद्द्यांची माळ म्हणायच्या. त्यांना वाटायचं, माळ संपली की घर मिळेल.

“ते लढाईवर गेले होते का?” मुलाने विचारलं. “त्यांनी माणसं मारली का?”

“अफगाणिस्तानात होते. दोन वर्षं. परत आल्यावर त्याबद्दल कधी बोलले नाहीत आणि मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

जनरल झाले ते पूर्व जर्मनीत, तिथल्या सोव्हिएत तळावर. मग एक दिवस असा आला की ज्या देशाची शपथ घेतली होती तो देशच राहिला नाही. वर्दी तीच, टोपीवरचं चिन्ह बदललं. त्यांच्या डिव्हिजनला परत बोलावलं. रणगाडे, सैनिक, अधिकारी, त्यांच्या बायका, मुलं, सगळे आगगाड्यांत भरून रशियात आणले आणि एका मोकळ्या माळावर उतरवले. तिथे काहीच नव्हतं. घरं नंतर बांधायची होती. जर्मनीतून आणलेली कपाटं आणि पियानो खोक्यांत घालून बर्फात ठेवलेले. माणसं तंबूंमध्ये.

“वडिलांना मॉस्कोत फ्लॅट मिळत होता,” बाई म्हणाल्या. “चार खोल्यांचा. नको म्हणाले. माझ्या शेवटच्या लेफ्टनंटच्या डोक्यावर छप्पर येईल तेव्हा मी जाईन, म्हणाले. आई शिक्षिका होती. तिने एका तंबूत शाळा काढली. हातमोजे घालून मुलं लिहायची. फेब्रुवारीत तिला न्यूमोनिया झाला.”

त्या थांबल्या. पाणी प्यायल्या. मग एक वाक्य म्हणाल्या, अगदी स्पष्ट, न अडखळता. ते वाक्य त्या पूर्वी कितीतरी वेळा मनात बोलल्या असणार, हे मला ऐकताक्षणी कळलं.

मी नियमाप्रमाणे मुलाकडे पाहिलं आणि म्हटलं, “माझ्या वडिलांनी माझ्या आईचा जीव घेतला.”

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी तो पाहिला. त्यांना इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण ते वाक्य त्यांना कळलं होतं. तीस वर्षं फक्त स्वतःच्या डोक्यात ऐकलेलं वाक्य पहिल्यांदाच बाहेरून, दुसऱ्या बाईच्या आवाजात त्यांच्या कानावर पडलं.

“असं नका सांगू,” त्या घाबरून म्हणाल्या.

“सांगून झालं,” मी म्हटलं.

“मग पुन्हा सांगा. नीट सांगा.” त्यांनी माझं मनगट धरलं. उजव्या हातात जोर नव्हता, म्हणून डाव्याने. “सांगा, त्यांना ती माणसं सोडून जाता येईना. आणि आईला त्यांना सोडून जाता येईना. मी तिला न्यायला गेले होते. गाडी घेऊन गेले होते. ती म्हणाली, माझी मुलं परीक्षेला बसायची आहेत. ती स्वतः राहिली. तिला कुणी ठेवून घेतलं नव्हतं.”

मी एकेक वाक्य सांगत गेले. मुलगा उठला, आईच्या पलंगाच्या कडेवर बसला आणि तिच्या केसांवरून हात फिरवायला लागला, तो शाळेत पडलेल्या मुलांवरून फिरवत असेल तसा.

बाकीचं थोडक्यात होतं. वसंतात घरं बांधायला परदेशी कंपन्या आल्या. एक इंग्रज सर्व्हेयर यायचा, त्याला दुभाषी हवी होती. आईच्या जाण्याने सैरभैर झालेल्या बाईंनी ते काम धरलं. जनरलसाहेब रोज सकाळी प्रत्येक नव्या फ्लॅटमध्ये जाऊन खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर तळहात ठेवून बघायचे. गार लागला तर इंग्रजाला बोलावून त्याचाही हात त्यावर ठेवायचे. तिथे दुभाषी लागायचीच नाही. शेकडो कुटुंबांना त्यांनी स्वतःच्या हाताने किल्ल्या दिल्या आणि रिटायर झाले. मुलीने त्या इंग्रजाशी लग्न केलं आणि निरोपाला गालही पुढे न करता कॉव्हेंट्रीला निघून आली. वडील दर वाढदिवसाला फोन करायचे. ती हवापाण्याचं बोलायची. ते वारले तेव्हाही ती तिकडे गेली नाही.

“तुझ्या शाळेच्या फाटकाशी बायका विचारायच्या, वडील काय करतात,” त्या मुलाला म्हणाल्या. “मी म्हणायचे, घरं बांधतात. खोटंही नव्हतं ते.”

डिसेंबरात त्या घरी गेल्या. माझं हॉस्पिटलचं काम तिथे संपलं. जानेवारीत मुलाचा फोन आला, शिकवाल का म्हणून. दर शनिवारी सकाळी तो माझ्या घरी यायला लागला. पहिल्या दिवशी मी मुलांचं चित्रांचं पुस्तक काढून ठेवलं होतं. त्याने पिशवीतून कापडी पाठीची एक जुनी फाइल काढली. आजोबांच्या नोकरीची नोंद, टाइप केलेली, शिक्के मारलेली. ती पोस्टाने आली होती बऱ्याच वर्षांपूर्वी, आणि आईने कपाटात चादरींखाली ठेवली होती.

“यातून शिकवा,” तो म्हणाला.

असं पाठ्यपुस्तक मी कधी शिकवलं नव्हतं. आम्ही एकेक ओळ घ्यायचो. नेमणूक झाली. बदली झाली. कार्यभार स्वीकारला, कार्यभार सोपवला. त्याला आधी ‘पलटण’ आली आणि मग ‘बटाटा’ आला. अफगाणिस्तानच्या पानावर फक्त दोन ओळी होत्या आणि एका पदकाचा नंबर. तो त्या पानाशी बराच वेळ बसला. मी घाई केली नाही. तंबूंच्या वर्षासमोर तर एवढंच होतं: ‘कौटुंबिक स्थिती: विधुर.’ तो शब्द त्याने मला विचारला. सांगितल्यावर वहीत लिहून घेतला, आणि त्या दिवशी आम्ही पुढे गेलो नाही.

घरी जाऊन तो ते धडे आईला वाचून दाखवायचा. ती उच्चार सुधारायची आणि त्याच्या बदल्यात तो तिच्याकडून त्या दिवसाचे पाच इंग्रजी शब्द म्हणवून घ्यायचा. पहिला शब्द आला तो ‘शर्ट’.

गेल्या एप्रिलमध्ये त्यांनी मला जेवायला बोलावलं. मी पुरणपोळ्या करून नेल्या. बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. जेवणाच्या खोलीत एक फोटो नव्याने लावला होता. वर्दीतला एक रुंद खांद्यांचा माणूस, आणि त्याच्या शेजारी हातमोजे घातलेली, थंडीने डोळे बारीक केलेली बाई. मी फोटोकडे बघतेय हे पाहून त्या म्हणाल्या, “माझे आईवडील,” आणि ते इंग्रजीत म्हणाल्या.

सूप वाढलं. माझ्या सवयीने मी दोघांच्या मधल्या खुर्चीवर बसले. मुलगा काहीतरी म्हणाला, रशियनमध्ये, शब्दांची सगळी लिंगं चुकवून. आई हसली, त्याला दुरुस्त केलं, मग दोघं कुठल्याशा शेजाऱ्याच्या मांजरावरून वाद घालायला लागले, अर्धं इकडच्या भाषेत, अर्धं तिकडच्या. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खुर्ची जरा मागे सरकवली, ताट पुढे ओढलं आणि निवांत जेवले.