लेओबार्दोचं शिखर

मेक्सिकोतल्या सियुदाद मादेरोच्या तेलशुद्धी कारखान्यात डिझेलमधलं गंधक काढायला मॉलिब्डेनम माखलेल्या बारीक गोळ्या वापरतात. पण आधी या गोळ्यांनाच गंधकाचा वायू पाजावा लागतो, तोवर त्या काडीचंही काम करत नाहीत. त्या जाग्या कशा होतात हे लेसरच्या उजेडात पाहण्यात ओतिलियाचं अर्धं आयुष्य गेलं. लग्न राहिलं, ते राहिलंच.

ही विद्या तिला मास्तर लेओबार्दोंनी दिली. तरुणपणी त्यांना लेसरच्या परतलेल्या उजेडाच्या आलेखात एक ठेंगणं शिखर सापडलं होतं. वायू कितीही पाजा, थोडं मॉलिब्डेनम गंधक न घेता ऑक्साइडच राहतं, असं ते शिखर सांगे. प्रयोगशाळेत सगळे त्याला ‘लेओबार्दोचं शिखर’च म्हणत. मास्तरांनी जन्मात कमावलं ते एवढंच.

पूर्वी भट्टीत जाग्या केलेल्या गोळ्या बोळ ओलांडून लेसरखाली नेत. यंदा ओतिलियाने अशी नळी बनवली की वायूही तिच्यातच पाजायचा आणि लेसरही तिच्यातच सोडायचा. या नळीत शिखर आलंच नाही. तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मास्तरांची फुप्फुसं आधीच थकलेली, त्यांना हे सांगायचं कोणत्या तोंडाने?

तेवढ्यात प्राणवायूचं नळकांडं ओढत मास्तरच आले आणि त्यांनी पडद्यावरच्या आलेखावर नजर टाकली.

“काय गं, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का? माझं शिखर हरवलंस वाटतं?”

“यंत्र नवीन आहे, मास्तर. अजून नीट बसलं नाही.”

“थापा मारू नकोस. ते मी तुला शिकवलेलं नाही. वायू धुऊन काढ आणि हवा सोड आत.”

तिने वायू काढला, झडप उघडली. हवा शिरली आणि ठेंगणं शिखर हळूहळू वर आलं.

मास्तरांनी पडद्यावरच्या शिखरावर बोट ठेवलं. “म्हणजे जन्मभर मी बोळातली हवाच मोजली.”

ओतिलियाला रडू आवरेना.

“रडतेस काय? ज्याच्या हातून नमुन्यात हवा शिरेल त्यानं सगळ्यांना तामालेस खिलवायचे, हा नियम इथं कोणी घातला?”

“तुम्हीच, मास्तर.”

दुसऱ्या दिवशी मास्तर प्रयोगशाळेच्या दारात पातेलं घेऊन उभे होते. मक्याच्या पानात गुंडाळलेला एकेक गरम तामाल प्रत्येकाच्या हातावर ठेवत, धापा टाकत ते सांगत होते, “माझ्याकडून हवा शिरली.” एरवी या दंडावर सगळे खिदळत. त्या दिवशी कोणी हसलं नाही.