साखरेची कॉलर आणि माझं कपाळ

आमच्या घराण्यात टक्कल पडत नाही. फक्त कपाळ वाढत जातं. आजोबांचं वाढलं, वडिलांचं वाढलं, आणि माझं तर सिंगापूरच्या रॅफल्स प्लेसमधल्या बँकेत लागल्यापासून इतक्या जोमाने वाढलं, की माझ्या पगाराने त्याच्याकडून काही शिकावं. मी मात्र अजून लढा सोडलेला नाही. माक्याचं तेल झालं, मेथीचा लेप झाला, कांद्याचा रस झाला. (कांद्याच्या रसाने केस आले नाहीत, पण एमआरटीच्या गाडीत शेजारची सीट कायम रिकामी मिळायला लागली.) त्यामुळे आमच्या सानिकाने जेवताना, "बाबा, माझा मॉडेल होशील?" असं विचारलं, तेव्हा माझ्या हातातला घास हातातच राहिला.

सानिका आमची एकुलती एक. फॅशन डिझाइनच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. मी अकाउंटंट, तेव्हा तिने अकाउंटन्सी करावी असा माझा साधा, सरळ आणि घरात कुणालाही न पटलेला विचार होता. बरीच आदळआपट होऊन अखेर आमच्यात तह झाला: एकदाही नापास न होता डिप्लोमा पुरा केलास तर पुढचा मार्ग तुझा, कुठे गचकलीस तर मुकाट्याने अकाउंटन्सी. पोरीने दिवसरात्र शिवणमशीन बडवून सगळे विषय काढले होते. राहिला होता शेवटचा प्रोजेक्ट, आणि परीक्षक होत्या मिसेस लिम, ज्यांना आजवर कुणी हसताना पाहिलं नव्हतं.

"विषय काय आहे?" मी विचारलं.

"पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातलं सौंदर्य, आजच्या कपड्यांत. गळ्याभोवती मोठी चुणीदार कॉलर, फुगीर बाह्या, पांढरा चेहरा. पण पुरुषाच्या अंगावर. जाकीट आणि स्नीकर्सबरोबर."

"फुग्यांच्या बाह्या?" सासूबाई म्हणाल्या. त्या पुण्याहून चार महिने लेकीकडे राहायला आल्या होत्या. "अगं, माझ्या लग्नातल्या ब्लाउजला होत्या. त्यात कसली आलीय राणी?"

"आणि माझ्या दिवाळीच्या ब्लाउजला," माझी बायको वर्षा म्हणाली. "टेलरने नवीन फॅशन म्हणून जास्तीचे घेतले."

"तेच तर, आजी. फॅशन फिरून परत येते. सगळंच परत येतं."

"केस सोडून," वर्षा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी तिकडे दुर्लक्ष केलं. मूळ मॉडेल होता सानिकाचा मित्र वेई मिंग. तो सध्या सक्तीच्या लष्करी सेवेत होता आणि ऐन वेळी त्याला कॅम्पमधून सुट्टी नाकारली होती. "पण मीच का?" मी विचारलं. अशा वेळी आपल्याला काय ऐकायचंय ते माहीत असलं तरी विचारावं लागतं.

"बाबा, यू हॅव द लुक, लाह."

लुक! बाविशीचा, रोज परेड करणारा तरुण आला नाही, आणि त्याच्या जागी पोरीला बाप दिसला. रुबाब म्हणतात तो हाच, असं मी मनाशी म्हटलं आणि आणखी एक पोळी घेतली.

कॉलरच्या कडकपणाचं खातं सासूबाईंनी आपणहून घेतलं. दुकानातला स्टार्चचा फवारा मारून सानिका थकली होती. सिंगापूरच्या दमट हवेत कॉलर तासाभरात मान टाकायची. "फवाऱ्याने काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "साबुदाण्याची खळ करते. तुझ्या आजोबांची धोतरं नुसती उभी राहायची. आत आजोबा नसले तरी."

परीक्षेच्या दिवशी मी सकाळी लवकर उठलो आणि फ्रिज उघडला. आत स्टीलच्या भांड्यात साबुदाण्याची खीर होती. पांढरी, चकचकीत, गार. चाखली तर अजिबात गोड नाही. माझी शुगर सीमेवर आहे म्हणून सासूबाईंनी साखर घातली नसणार, या विचाराने मला भरून आलं. मग मीच साखर घातली, वेलची कुटून घातली, आणि भांडं तळापर्यंत चाटून स्वच्छ केलं.

"आई, खीर छान होती हं," त्या स्वयंपाकघरात आल्यावर मी म्हणालो. "थोडी चिकट होती, इतकंच."

"कुठली खीर?"

त्यांनी सिंकमधलं भांडं पाहिलं. मग मला पाहिलं. मग माझ्या पोटाकडे पाहिलं. तेवढ्यात सानिका कॉलर घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "यू एट माय कॉलर?"

घरात साबुदाण्याचा दाणा उरला नव्हता आणि इतक्या सकाळी आमच्या बिशानात कुठलं दुकान उघडं असणार? मी माफी मागायला तोंड उघडलं, पण ते आतून जरा चिकटल्यासारखं वाटत होतं. सासूबाई मात्र खंबीर बाई. "साखर तरी ठेवलीत ना?" त्यांनी विचारलं आणि पातेलं चढवलं. त्यांच्या लहानपणी म्हणे क्रोशाने विणलेल्या टोपल्या साखरेच्या पाकात बुडवून कडक करायचे. कॉलर पाकात बुडवली, एकेक चुणी चमच्याच्या दांड्यावर वळवली, एसी फुल केला आणि वरून हेअर ड्रायर लावला. (आमच्या घरातल्या हेअर ड्रायरचा माझ्याशी संबंध आला तो त्या दिवशी प्रथमच.) कॉलर अशी वाळली, की टिचकी मारली तर टण् वाजावी. बत्ताशासारखी पांढरी, ताठ आणि भलीमोठी.

ती पिशवीत मावेना, मोडायची भीती. म्हणून ठरलं असं, की कॉलर मी गळ्यात घालूनच यायचं. वर्षाला ऑफिसला सुट्टी नव्हती. सानिका बाकीचं सामान घेऊन पुढे गेली, आणि सासूबाई माझ्यावर देखरेखीला राहिल्या.

निघण्यापूर्वी मी बाथरूममध्ये जरा वेळ घेतला. इथे एक गुपित सांगितलं पाहिजे. दाढीच्या सामानामागे मी एक डबी दडवून ठेवली होती. तीत काळ्या केसांचा अगदी बारीक भुगा असतो; विरळ जागी भुरभुरवला की केस असल्यासारखे दिसतात. म्हटलं, लेकीच्या आयुष्यातली एवढी मोठी परीक्षा, बाप नीटनेटका दिसायला नको? मी सढळ हाताने भुरभुरवलं. भुवयांपर्यंत यायचं तेवढं शिल्लक राहिलं. आरशात मला माझा कॉलेजातला फोटो दिसला.

"आज काहीतरी वेगळेच दिसताय, श्रीकांतराव," लिफ्टमध्ये सासूबाई म्हणाल्या.

"परीक्षा आहे ना, आई," मी म्हणालो.

त्या कॉलरवरून मला समोरचं दिसत होतं, पण स्वतःचे पाय नाही. एस्कलेटरवर सासूबाई "पाऊल उचला" म्हणाल्या की मी उचलायचो. गाडीत सगळे आपापल्या फोनमध्ये बघत होते, म्हणजे माझे फोटो काढत होते. शेजारच्या बाईच्या मांडीवरच्या छोटीने हळूच बोट कॉलरला लावलं, तोंडात घातलं आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ममी, दिस अंकल इज स्वीट!" मी खूश होऊन तिच्याकडे बघून हसलो. तिच्या आईने जागा बदलली.

गाडीतल्या गारव्यात सगळं ठीक होतं. खरी परीक्षा स्टेशनबाहेर सुरू झाली. ऊन म्हणजे काय ऊन! स्टेशनपासून कॉलेजपर्यंतचं चालणं जेमतेम होतं, पण निम्म्या वाटेत कॉलर घामेजली, मग पाझरली, मग माझ्या मानेला चिकटली. एक साळुंकी येऊन खांद्यावर बसली आणि निवांत चुण्या टोचायला लागली. तिला हाकलायला मी मान जोरात हलवली, आणि त्यासरशी घामाने भिजलेला कपाळावरचा काळा भुगा सुटला. थेट पाकात पडला आणि जागच्या जागी बसला. मी पुसायला गेलो तर आणखी पसरला. कॉलेजच्या कँटीनमध्ये पोहोचेपर्यंत माझ्या कपाळावरचे केस कॉलरवर उगवले होते.

सानिका हातातली टाचण्यांची डबी टेबलावर ठेवून नुसती बघत राहिली.

"बाबा, व्हाय इज माय कॉलर हेअरी?"

"हवेत काहीतरी..." मी म्हणालो.

सासूबाईंनी पुढे होऊन पदराने माझं कपाळ पुसलं. पदर काळा झाला. "श्रीकांतराव," त्या म्हणाल्या, "हे केस आहेत की काजळी?"

"अरे, पण का?" सानिकाचा आवाज कापायला लागला. "बाबा, मला तुझं कपाळच हवं होतं!"

"म्हणजे?"

"त्या काळात मोठं कपाळ म्हणजे ब्यूटी! मोठ्या घरच्या बायका पुढचे केस उपटून काढायच्या. जितकं उंच कपाळ, तितकी सुंदर. वेई मिंगचं डोकं आर्मीने भादरलंय म्हणून त्याला घेतला होता. तो नाही आला, मग..." ती थांबली.

मग बिशानातल्या घरात रुबाबाने पोळी खाणारा मी.

खरं सांगतो, क्षणभर फार लागलं मनाला. सासूबाईही दुसरीकडे बघायला लागल्या. पण मग मला पोरीचे डोळे दिसले. सकाळी हिची खळ खाल्ली, दुपार व्हायच्या आत हिची कॉलर केसाळ केली, आणि जे एकच तिला माझ्याकडून हवं होतं तेही झाकून आलो. ती नापास झाली असती तर तहाप्रमाणे मी जिंकणार होतो. आणि मला जिंकायची एवढी धास्ती आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मी तडक कँटीनच्या सिंकवर गेलो आणि तिथल्या भांडी घासायच्या साबणाने डोकं खसाखसा धुतलं. शेवटचा कणही ठेवला नाही. जे दोन-चार खरे केस पुढे आले होते, त्यांना सासूबाईंनी ओलं करून मागे चापून बसवलं. "आता कसं," त्या म्हणाल्या, "स्वच्छ दिसताय."

कॉलर वाचण्यातली नव्हती. मग सानिकानेच चिकन-राइसच्या स्टॉलवरून पार्सल बांधायचा तो तपकिरी मेणकागद मागून आणला. आजी आणि नात समोरासमोर बसल्या. नऊवारीच्या निऱ्या घालाव्यात तशा आजी कागदाला चुण्या घालत गेली आणि नात स्टेपलर मारत गेली. मी मध्ये बसून मान देत होतो. याहून जास्त मदत माझ्याकडून कुणाला नको होती.

परीक्षेच्या हॉलमध्ये मिसेस लिम आल्या. प्रखर दिव्याखाली मी उभा: फुगीर बाह्यांचं जाकीट, पिठासारखा पांढरा चेहरा, गळ्यात कागदाचं रिंगण. त्या माझ्याभोवती एकदा फिरल्या. बाह्यांवर मान हलवली. कॉलरजवळ नाक नेलं.

"हिला मिरचीच्या चटणीचा वास का येतोय?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मिसेस लिमनी कागदावर काहीतरी लिहिलं, ते बरं नसणार हे त्यांच्या पेनच्या फराट्यावरून कळत होतं. मग त्यांची नजर वर गेली आणि तिथेच थांबली. त्या जवळ आल्या. चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या कपाळाकडे, म्हणजे तशा बऱ्याच मोठ्या प्रदेशाकडे, मन लावून बघत राहिल्या.

"केस काढून हेअरलाइन खरीच मागे नेलीय?" त्यांनी विचारलं. "रबराची टोपी नाही?"

"नो, मॅम," सानिका म्हणाली. "खरीच आहे."

"सगळे विद्यार्थी मॉडेलचे केस मागे बांधून वेळ मारून नेतात. एका प्रोजेक्टसाठी एवढं करायला कुणी तयार होत नाही." मग थेट मला म्हणाल्या, "हे तुम्ही मुलीसाठी केलंत?"

मी सानिकाकडे पाहिलं. तिने ओठ घट्ट मिटले होते. हसू की रडू, काही कळत नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "बरीच वर्षं लागली."

आणि मिसेस लिम हसल्या.

सानिका पास झाली. कॉलरला अगदी काठावरचे गुण, बाह्यांना बरे, आणि केशरचनेला पैकीच्या पैकी. (माझ्या केशरचनेला!) तह संपला. अकाउंटन्सीचं नाव आमच्या घरात आता फक्त मी ऑफिसला निघताना निघतं. वर्षाला सगळं सांगितलं, तेव्हा ती हसून हसून जमिनीवर बसली आणि तिथूनच म्हणाली, "मग माक्याचं तेल आणू की नको?"

ती काळ्या भुग्याची डबी सासूबाईंनी जप्त केली. पुण्याला परतताना खळीचं एक भांडं फ्रिजमध्ये करून ठेवून गेल्या. त्यावर चिठ्ठी आहे: 'जावयांनी खाऊ नये.'

परवा सानिकाच्या कॉलेजातून तिच्या मागच्या वर्षाच्या मुलींचा फोन आला होता. त्यांनाही पुढच्या वर्षी तोच काळ करायचाय आणि मॉडेल म्हणून मीच हवा. मी म्हटलं, तुमचा तो वेई मिंग आहे की, आता सुटेल आर्मीतून. तर म्हणाल्या, "अंकल, त्याचा काही भरवसा नाही. सुटला की त्याचे केस वाढणार. तुमच्या बाबतीत ती भीती नाही."

मी तारीख देऊन टाकलीय.