मामांची समुद्रातली बुडी

मामा गेले. बुडून नाही.

आधीच सांगते, कारण सकाळपासून नऊ फोन आले आणि नवांनीही तेच विचारलं. झोपेत गेले, स्वतःच्या अंथरुणात.

लोहा तालुक्यात कुणाच्या विहिरीत मोटर, बादली, मंगळसूत्र, काहीही पडलं की माझ्या मामांना बोलावणं यायचं. ज्या विहिरींवर आजोबांना पाय ठेवू देत नव्हते, त्यांच्याही तळाला मामा जाऊन आले होते. हे ते हसत सांगायचे. मला अजून हसू येत नाही.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. विहिरी आटल्या. पारावर मात्र नवीन जिल्हा कुठला, मुख्यालय कुठं, यावर भांडणं.

मामा म्हणाले, "जिल्हे दोन करा, चार करा. मला बुडी मारायला एक हिर ठेवा."

एव्हाना दोन वर्षं मामा पाण्याविना. जेवण तुटलं, बोलणं तुटलं. मामीनं मला नांदेडला फोन केला आणि नुसती रडली. मी रजा टाकली, दोघांना उचललं, थेट अंदमान.

स्कूबाच्या फॉर्मवर प्रश्न होता, पोहता येतं का? मामांनी फॉर्मकडं असं बघितलं, जणू त्यानं जात विचारली.

आधी कमरेएवढ्या पाण्यात प्रॅक्टिस. हवेच्या टाकीची नळी तोंडात, डोकं पाण्याखाली. बुडबुडे येईनात!

इन्स्ट्रक्टर मॅडमनी ओढून वर काढलं. "अंकल, साँस लीजिए!"

"अब्बी दम है मॅडम. नक्को फिकर करो."

तीनदा हेच. पाण्यात श्वास घेणं म्हणजे मामांच्या मते चीटिंग. शेवटी मॅडम म्हणाल्या, आता नाही घेतला तर डाइव्ह कॅन्सल.

मामांचा चेहराच उतरला.

मी म्हटलं, "घ्या की मामा. कोण बघतंय? लोह्याचं कुणी न्हाई इथं."

घेतला.

खाली गेलो. पिवळे, निळे मासे, रंगीत प्रवाळ. एक कासव तर मामांच्या पोटाखालून गेलं. आणि मामा? डोळे गच्च मिटून वाळू चाचपत होते! गढूळ विहिरीत डोळ्यांचा काय उपयोग, चाळीस वर्षं सगळं हातानंच शोधलेलं.

मॅडमनी त्यांचे दोन्ही हात धरले. मास्कच्या काचेवर टकटक केलं.

मामांनी डोळे उघडले.

बोटीवर आल्यावर मामा ओल्या अंगानंच बसले. मामीनं दिलेला टॉवेल तसाच हातात.

मग म्हणाले, "पोरी, हिरीचा तळ दुष्काळात बघितला. कोरडा. पाण्यातला तळ आज पयल्यांदा बघितला गं."

मी ढसाढसा रडले. मामी म्हणाली, "हिला बोट लागली वाटतं."

पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या. मामा पुन्हा बुड्या मारू लागले, आता डोळे उघडे ठेवून. घरी यायचे ते लालभडक डोळे घेऊन. मामी ड्रॉप टाकता टाकता ओरडायची, "त्या गाळात काय दिसतंय तुमाला?"

"काईच न्हाई. पण बघायलो."

मामा, शेवटचा जयभीम.

तुमची पोरगी.