समोरच्याचा फॉर्म

मी पोलीस ठाण्याच्या रक्षा समितीत नाव नोंदवलं ते समाजसेवेसाठी नाही, सूड घ्यायला. फॉर्मवर ‘उद्देश’ असा रकाना होता, तिथे मी अर्थातच समाजसेवा लिहिलं.

कोलार रोडच्या आमच्या कॉलनीत, समोरच्या घरात राहणाऱ्या माणसाने माझ्या बाबांच्या कानाखाली वाजवली होती. आमच्या फाटकाला गाडी लावू नका, असं बाबांनी त्याला तिसऱ्यांदा सांगितलं, एवढंच कारण. संध्याकाळची वेळ, भाजीची गाडी आलेली, अर्धी कॉलनी जमलेली. कुणी हूं का चूं केलं नाही. आजोबा सरकारी ऑफिसाबरोबर नागपूरहून इथे आले आणि बाबा त्याच ऑफिसातून बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर त्यांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही. मीच ठाण्यात गेले, तर तिथले साहेब म्हणाले, “मोहल्ले की बात है, बैठके निपटा लीजिए।”

मग मी निपटवायचं ठरवलं. सोमवार ते शनिवार दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं आणि रविवारी टोपी, शिट्टी, दंडाला पट्टी. जवाहर चौकात गर्दी हाकली, विसर्जनाला दोर धरून उभी राहिले, पाय सुजले. नजर मात्र समोरच्या घरावर. माणूस आहे, कधीतरी चुकेलच, म्हणून मी दबा धरून बसले होते.

तो चुकला. वरच्या मजल्यावर त्याने तीन किरायेदार ठेवले होते आणि त्यांची माहिती ठाण्यात दिली नव्हती. समितीचं कामच ते, घरोघरी जाऊन किरायेदारांचे फॉर्म वाटायचे. मी हवालदाराला सांगितलं. त्याने समोरच्याला ठाण्यात बोलावून तीन तास बाकावर बसवून ठेवलं. मी मुद्दाम दोनदा त्याच्यासमोरून पाणी प्यायला गेले. असं गोड पाणी मी जन्मात प्यायले नव्हते.

घरी येऊन बाबांना तिखटमीठ लावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “कोणी पाहिलं?”

“मी पाहिलं ना, बाबा.”

“मला तर सगळ्यांनी पाहिलं होतं,” ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

मला राग आला, कारण म्हातारा बरोबर बोलत होता.

पुढच्या रविवारी सकाळी हवालदार फॉर्म घेऊन कॉलनीतच आला. कसा आला ते विचारू नका, दोन वेळा पोहे खाऊ घातले होते. लोक गाड्या धूत होते, बायका गेटवर उभ्या होत्या. मी बाबांची खुर्ची फाटकाबाहेर ठेवली. ते कुरकुरले, पण आले आणि बसले. समोरच्याने बॉनेटवर फॉर्म ठेवून भरला. आमच्या हवालदाराची पद्धत अशी, की फॉर्मवर शेजाऱ्याची सही लागते. “इन्हीं से करवा लीजिए, सामने ही बैठे हैं,” तो म्हणाला.

समोरचा रस्ता ओलांडून आला. खुर्चीपुढे वाकून त्याने कागद धरला. बाबांनी चष्मा मागवला. चष्मा पुसला. मग चाळीस वर्षं जे केलं तेच त्यांनी केलं. पहिल्या ओळीपासून बोट ठेवून वाचायला लागले.

“काटछाँट नहीं चलेगी। दूसरा फॉर्म लीजिए।”

तो दुसरा भरून आला. बाबांनी परत सगळं वाचलं. “स्थायी पते में तहसील नहीं लिखी।” तो वरच्या मजल्यावर धावत गेला, विचारून आला. तिसऱ्या वेळी फोटो वाकडा निघाला. एव्हाना गाड्या धुणाऱ्यांनी नळ बंद केले होते. कुणीतरी हसलं. समोरच्याची मान लाल झाली होती आणि मला ती बघायला फार आवडत होती. हे लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

चौथा फॉर्म पुढे करताना तो हळूच म्हणाला, “अंकलजी, उस दिन ग़लती हो गई हमसे।”

बाबांनी फॉर्म खालपर्यंत वाचला. उलटून मागची बाजूही पाहिली.

“उसका कॉलम इसमें नहीं है,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आणि सही न करता कागद परत दिला.

तो निघून गेला. हवालदार माझ्याकडे बघायला लागला, मी रस्त्याकडे. थोड्या वेळाने गर्दी पांगली, ऊन वाढलं. मी खुर्ची आत न्यायला वाकले, तर बाबांनी माझा हात बाजूला केला.

“राहू दे बाहेरच,” ते म्हणाले. “तो परत येईल.”