यमुनाबाईंच्या अळंबीचं नाव

सुलभा मॅडमचा फोन आला तेव्हा मी रिकामीच बसले होते. "बोईसरला येतेस? एक झाड शोधायचंय." कॉलेजात त्यांनी मला बुरशीशास्त्र शिकवलं. मी त्यात कशीबशी पास झाले आणि लिहायला लागले. मॅडम रिटायर होऊनही बुरशीतच आहेत.

भानगड अशी होती. तीसेक वर्षांपूर्वी बोईसरजवळ सालवडला एका जांभळाच्या खोडावर मॅडमना घोड्याच्या खुरासारखी, लाकडाइतकी कडक अळंबी मिळाली. ही नवीन जात आहे असं त्यांनी जाहीर केलं आणि ज्यांनी झाड दाखवलं त्या गावातल्या यमुनाबाईंवरून लॅटिन नाव दिलं. नावाचा शेवटचा शब्द 'यमुनी'. आता परदेशातला एक संशोधक म्हणतोय की ही वेगळी जात नाहीच, हिला आधीपासून एक जुनं नाव आहे. असा वाद झाला की ज्या नमुन्यावरून नाव दिलं तो काढून बघतात. मॅडमचा नमुना कॉलेजच्या कपाटात किड्यांनी खाल्लाय. पाकिटात फक्त भुसा. त्याच झाडावरची अळंबी पुन्हा मिळाली तरच नाव वाचण्याची आशा.

ठाण्याहून सकाळची एसटी धरली. मनोरला थांबते तेव्हा खाऊन घ्या, पुढे खायला काही मिळेलच असं नाही. बोईसरला उतरून शेअर रिक्षा, सीटचे वीस रुपये. कारखान्यांच्या बाजूने वारा आला की घशात काहीतरी आंबट अडकतं. मी तोंडाला ओढणी लावली. शेजारचा कामगार म्हणाला, "नया है क्या? दो दिन में आदत हो जाएगी." तो हसत नव्हता.

सालवडला जांभूळ नव्हतं. त्या जागी पत्र्याच्या खोल्यांची रांग, प्रत्येक दारात सेफ्टी बूट. खोल्या यमुनाबाईंच्या मुलाच्या, हरेश्वरकाकांच्या. त्यांनी मॅडमना लगेच ओळखलं.

"बाई, तुमी लय उशीर केला. आई जाऊन सात वर्सं झाली. झाड तिच्या आदीच पाडलं."

"खोड कुठे टाकलं?"

"जाळलं. तुमी काय खोड बघाया आल्या?"

मॅडम खाटेवर बसल्या. काकांची सून चहा घेऊन आली, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं पोर. मॅडमनी सगळं सांगितलं. काका आत गेले आणि सहाण घेऊन आले. सहाणेवर अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा.

पोरांचं तोंड आलं की ही अळंबी पाण्यात उगाळून लावतात. त्याच झाडावरून यमुनाबाईंनी घरासाठी काढून ठेवलेली. चार नातवंडं आणि अर्ध्या आळीची पोरं त्यावर बरी झाली, म्हणून एवढीच उरली होती.

मॅडमनी ती उजेडात धरली. एका बाजूला बी धरणारी, सुईच्या टोकाएवढी छिद्रं अजून शाबूत होती. "चालेल," त्या म्हणाल्या.

"ही पिकलेली हाय," काका म्हणाले. "तुमी नेली ती कवळी व्हती. आई बोलली व्हती तुमाला, दोन वर्सं राहू द्या. तुमाला गाडी पकडाची व्हती."

मॅडमनी कप खाली ठेवला. चहा अर्धा तसाच.

सून हळूच म्हणाली, "बाबा, याचं तोंड आलं तं मग?"

"आईचं नाव ऱ्हातंय. न्या बाई."

मुक्काम शिरगावला होता. पालघरहून रिक्षाने अर्धा तास. किल्ल्याजवळ एका वाडीत घरगुती खोली मिळते, जेवण सांगून ठेवावं लागतं. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. कालवण फार चांगलं होतं, मॅडमनी हातही लावला नाही.

सकाळी पडवीत त्यांनी सोबत आणलेला मायक्रोस्कोप मांडला. ब्लेडने तुकड्याची चकती काढली, केसाएवढी. मग दुसरी. मग तिसरी. मी किल्ला बघून आले. ओस बुरूज, आत दारूच्या बाटल्या, पलीकडे मातकट समुद्र. परत आले तर मॅडम वहीत बीजाणूंची मापं लिहीत होत्या. बीजाणू म्हणजे अळंबीचं बी, धुळीहून बारीक.

"मी म्हटलं होतं हिचे बीजाणू लहान असतात, म्हणून जात वेगळी," त्या म्हणाल्या. "लहान नव्हते. कोवळे होते."

"आणि आता?"

"त्या माणसाचं बरोबर आहे."

"वादात हा तुकडा दाखवलाच नाही तर?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उठून वाडीत गेले.

घरी आल्यावर पंधरा दिवसांत मॅडमनी स्वतःच लेख पाठवला. आपण दिलेलं नाव चुकीचं, जुनं नाव योग्य. काकांना कळवायचं काम माझ्याकडे दिलं. फोनवर मी समजावलं की नाव पुसत नाहीत. जुन्या नावाच्या खाली लिहिलेलं राहतं, फक्त वापरायचं नाही.

"मंजे रेशनकार्डावर आईचं नाव हाय तसं," काका म्हणाले. "हाय, पन धान्य नाय."

मी हसले. ते हसले नाहीत.

"मंग तो तुकडा परत पाठवा. पोराचं तोंड आलंय. दूद पीत नाय, मेडिकलचं औषद थुकतंय."

मी मॅडमना विचारलं. चकत्या काढून नखाएवढाच उरला होता. तो त्यांनी पाकिटात घालून संशोधनाच्या नमुन्यांच्या संग्रहात जमा केला होता. नाव का गेलं याचा तेवढाच पुरावा, तो बाहेर काढता येत नाही. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी काकांना तसंच सांगितलं. मागे पोर रडत होतं.

"आई नको बोलली तवा बी तुमी नेली," ते म्हणाले. "या टायमाला मीच दिली."