कुरडयांखालची फिल्म

गव्हाचा चीक शिजायचा वास आला की मले अजूनबी चीड येते! कॉलेजच्या पहिल्या वर्षाले म्या प्लॅस्टिकवर कार्बन नॅनोट्यूबची काळी शाई पातळ फवारून पारदर्शक फिल्म बनवली होती. कितीबी वाकवा, तिच्यातून करंट जाऊन एलईडी पेटायचा. दुपारी चिखलीले कॉलेजात जाऊन सरायले दाखवायची होती. सकाळी गच्चीवर पाह्यलं तर वाळू घातलेल्या फिल्मवर ओल्या कुरडया! "आई, हे काऊन घेतलं?" "अव, काजळी होती त्याले. घासणीनं घासून चकाचक केलं, मंग घातल्या." "ते काजळीच माहा प्रोजेक्ट होता, आई!" सरायपुढं एलईडी काही पेटला नाही. आज नवी फिल्म वाळू घातली अन् मी उन्हात तिच्याजवळ राखणीले बसली आहे. आई जिना चढून राह्यली, हातात घासणी.